घराखालची शाळा

१२ ऑक्टोबर १९३३

पोलिसांनी घरातला लिहिलेला कागद म्हणून ठेवला नाही. ह्यांची पुस्तकं, पत्रं, संघाच्या सभासदांची यादी, उपिकच्या अक्षरांच्या पाट्या, आईच्या दम्याच्या औषधाचं चिटोरंसुद्धा नेलं. ही वही कोरी होती म्हणून वाचली. म्हटलं, आपणच लिहावं.

कुणाच्या हाती लागलीच तर आधीच सांगते. मी दलिमा, कोटो रानाह गावची, वय एकतीस. आमच्या रिवाजात घर लेकींचं, म्हणून हे माझ्या आईचं, तिच्यानंतर माझं, माझ्यानंतर माझ्या सहा वर्षांच्या उपिकचं. वहीत लपवण्यासारखं काही नाही. माझे यजमान सुतान बुस्तान, ज्यांना पाडांगच्या तुरुंगात ठेवलंय, त्यांच्याबद्दल सगळ्या सुमात्राला माहीत आहे, ते मी काय वेगळं सांगणार?

नऊ दिवस झाले. पाडांग पांजांगच्या सभेतल्या भाषणावरून डच सरकारने ह्यांना पकडलं. त्या भाषणाची सुवाच्य प्रत मीच काढली होती. ह्यांची भाषा फार पुस्तकी. ‘परकीय सत्तेचे जोखड’ असं लिहायचे. मी तिथे घालायची, ‘भात आपण लावायचा, आपण कापायचा, आणि जेवायला साहेब बसणार?’ एवढीच माझी लुडबुड. बाकी सगळं त्यांचं.

घराखाली, खांबांच्या मधल्या जागेत, माझा मुलींचा वर्ग चालतो. लिहिणं, वाचणं, थोडा हिशोब, लेस विणणं. सतरा मुली होत्या. अटकेनंतर पाच उरल्या.

१५ ऑक्टोबर

पाणवठ्यावर गेले. बायकांतली एक म्हणाली, “या राणीसाहेब! आज स्वतःचं धुणं स्वतः?”

दुसरी म्हणाली, “नवरा साहेबाला हाकलायला निघाला होता, साहेबानेच त्याला नेला.”

सगळ्या हसल्या. माझ्या हातातली चादर पिळता पिळवेना. तेवढ्यात रपिआ पाण्यात उतरली, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, “ओढा की बाई. संध्याकाळी वर्ग आहे ना?”

रपिआ बाजारात मिरच्या विकते. तिच्या नवऱ्याने मेदानहून पत्र पाठवलं होतं. वाचता येत नव्हतं म्हणून आठ महिने तिने ते पदराला बांधून मिरवलं, नवऱ्याचं पत्र म्हणून. शेवटी मी वाचून दाखवलं. तलाकचं होतं. त्या दिवशी ती रडली नाही. म्हणाली, “मला शिकवा. यापुढचं पत्र मी वाचणार.”

२ नोव्हेंबर

देमांग येऊन गेले. आमच्या भागाचे देशी अंमलदार, साहेबाच्या हाताखालचे. पायजम्यावर कोट, काखेत चामडी पिशवी. पडवीत बसले. आईने कॉफीच्या पानांचा काढा करवंटीत दिला. नको नको म्हणत तीन करवंट्या प्यायले.

“दलिमाबाई, एका सहीचा प्रश्न आहे,” म्हणाले. “यापुढे राजकारणात पडणार नाही, एवढंच लिहून द्यायचं. सुतान पंधरा दिवसांत घरी. नाहीतर दिगुल.”

दिगुल म्हणजे पापुआच्या जंगलातली हद्दपार कैद्यांची वसाहत. जहाजाने महिना लागतो. तिथे भिंती नाहीत. जंगल आणि हिवताप आहे, भिंतींची गरजच काय?

“मग त्यांनाच सांगा की,” मी म्हटलं.

“सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो. बायकोचं माणूस ऐकतं.”

“ते कुणाचं ऐकत नाहीत, म्हणून तर तुम्ही त्यांना धरलंत.”

देमांगांनी करवंटी खाली ठेवली. जाताना खालच्या फळ्याकडे नजर टाकून म्हणाले, “मुली किती येतात?”

“अकरा.”

“अकरा,” ते म्हणाले, आणि लिहून घेतलं नाही.

२० नोव्हेंबर

माझ्या नावाने कागद आला. दलिमा, बुस्तानची बायको, हिला शिकवायला मनाई. उल्लंघन केल्यास तुरुंग. खाली डच साहेबाचा शिक्का.

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. हुश्श झालं. वाटलं, आता कुणी मला काही म्हणणार नाही. सरकारनेच बंद केलं. मग खाली वर्गात जाऊन कागद वाचून दाखवला आणि म्हटलं, “घरी जा गं.”

रपिआने कागद मागितला. बोट ठेवत, ओठ हलवत, सगळा वाचला. बराच वेळ लागला. मग म्हणाली, “बाई, ह्यात माझं नाव नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही शिकवायचं नाही. मी शिकवू नये असं कुठे लिहिलंय?”

ती उठून फळ्यापाशी गेली. तिला जेवढं येतं तेवढं तिने शिकवलं, म्हणजे कालचा धडा. मी खांबाला टेकून लेस विणत बसले. तिने एक अक्षर उलटं काढलं तेव्हा मी खोकले. तिने पुसून सुलटं काढलं.

७ डिसेंबर

दर गुरुवारी देमांगांची पाहणी. इतका अडाणी पोलिसी कारभार मी पाहिला नाही. घोड्याच्या गळ्यात घुंगरू, पुलापासून ऐकू येतं. शिवाय पुलावर थांबून शिपायाला मोठ्याने काहीतरी ओरडतात. ते येईपर्यंत फळा उलटा, पाट्या भाताच्या कणगीत, आणि मुली दोऱ्याच्या लाकडी टिपऱ्या खडखडवत लेस विणताना. कुणाला पकडायचं असेल तर घुंगरू काढून यावं एवढंही ह्या माणसाला सुचत नाही.

आज त्यांची बायको बरोबर होती. गोरीपान, भरजरी शाल, कधी कुणाशी न बोलणारी देमांगीणबाई. म्हणाली, “मला लेस शिकायची आहे.” नवरा घोड्यावर बसून पुढे गेल्यावर माझ्या कानाशी वाकली. “लेस मला येते. ते वर्तमानपत्र वाचतात आणि मला भलतंच सांगतात. मला बघायचंय खरं काय छापलंय.”

रपिआने तिला पहिल्या रांगेत बसवलं.

१९ जानेवारी १९३४

ईदच्या दुसऱ्या दिवशी पाडांगला गेले. रेंदांगचा, म्हणजे मसाल्यात आटवलेल्या मांसाचा, डबा मांडीवर. घाटातल्या दात्यांच्या रुळांवरून आगगाडी खाली उतरताना गाडीचा सगळा डबा मसाल्याने दरवळला आणि शेजारच्या म्हाताऱ्याने सरळ विचारलं, “बाई, कुणासाठी?” सांगितल्यावर त्याने उठून मला खिडकीची जागा दिली.

हे फार वाळलेत. दाढी पिकली. मधे जाळी, शेजारी पहारेकरी, टेबलावर तो सहीचा कागद, आणि बाजूला दौत. दोन महिने तिथेच ठेवलाय म्हणे, रोज दिसावा म्हणून.

“दलिमा,” ते म्हणाले, “सही केली तर काय होईल गं?”

मी ओळखलं, माझी परीक्षा घेतायत. लग्नानंतरही असंच करायचे, मुद्दाम उलटं बोलून मला काय वाटतं ते काढून घ्यायचे. मी दुसरंच सांगत बसले. रपिआचं, उलट्या अक्षराचं, देमांगीणबाईचं. आता एकोणीस मुली आणि सहा बायका आहेत हे सांगितलं. रपिआलाही मनाई झाली, मग तिच्या जागी न्हाव्याची मुलगी जुसना उभी राहिली, तिलाही झाली, मग चौथी. “आता आमच्याकडे मनाई झालेल्या तीन शिक्षिका आहेत,” मी म्हटलं, “आणि एक अजून व्हायची आहे. ती रोज विचारते, माझा कागद कधी येणार?”

हे हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. तिथे फार ओल आहे, सर्दी झाली असणार. कितीतरी वेळ डोळे पुसत होते. मग हात पुढे केला आणि दौतीचं झाकण लावून टाकलं.

“रेंदांग आणलंस ना?” म्हणाले. “दे.”

परतताना वाटलं, मी बोलायला हवं होतं तेच बोलले नाही. धीराचे दोन शब्द तरी. नेत्याची बायको अशी असते का? एकोणीस मुलींचं पुराण लावून आले.

३ फेब्रुवारी

ह्यांनी सही करायला नकार दिला. वर्तमानपत्रात आलं. देमांगीणबाईने मोठ्याने वाचून दाखवलं, न अडखळता. मला ठाऊकच होतं. परीक्षाच होती ती.

११ मार्च

दिगुलचा हुकूम झाला. एप्रिलमध्ये जहाज.

देमांग आले, बरोबर स्वतः डच साहेब. तरुण आहे, उन्हाने नाक सोललेलं. मोडक्या मलायू भाषेत फार गोड बोलला. बायकांना बरोबर जाता येतं. माझं तिकीट सरकार देणार, उपिकचंही. भांडी, कपाट, शिवणयंत्र, हवं ते न्या. तिथे घर देतील. पुन्हा पुन्हा म्हणाला, “पतीजवळ असणं चांगलं.” मग विचारलं, “आता मुली किती?”

मी म्हटलं, “एकतीस.”

“अच्छा. तुमचं तिकीट पक्कं समजा.”

सरकारला माझ्याबद्दल एवढी दया कुठून आली कळत नाही. देमांग सबंध वेळ जमिनीकडे बघत होते.

संध्याकाळी दातुक मामा आले. आईचे थोरले भाऊ, आमच्या कुळाचे प्रमुख. त्यांना न विचारता घरातलं भांडंही हलत नाही. आल्या आल्या कडाडले.

“जाणार नाहीस. पोरीला त्या तापाच्या जंगलात नेणार? तिला काही झालं तर ह्या घराचं पुढे काय? शेताचं काय? आणि ती खालची शाळाही बंद कर. तुझ्या नवऱ्याने घरात पोलीस आणले, तू देमांगाच्या बायकोला आणलंस. उद्या हॉलंडच्या राणीला आणशील!”

“राणीला वाचता येतं, मामा,” आई म्हणाली, “ती कशाला येईल?”

आई मामांसमोर असं बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग तिने माझ्याकडे वळून सांगितलं, “जायचं असेल तर उपिकला घेऊन जा. राहायचं असेल तर राहा. घर तुझं आहे, तू ठरव. पण मामाच्या भीतीने राहू नकोस आणि लोकांच्या भीतीने जाऊ नकोस.”

१२ मार्च

मला जायचं नाही.

लिहिलं. आता वाचते तर अंगावर काटा येतो. पंधरा वर्षांचा संसार. जुन्या हद्दपार लोकांच्या बायका गेल्या, त्यांची नावं लोक मानाने घेतात. मी कोण? मला डासांची भीती वाटते का? हो, वाटते. उपिकची वाटते. पण तेवढंच असतं तर गेले असते. सकाळी जुसना विचारत होती, भागाकारात उरलेल्याचं काय करायचं, आणि मला उत्तर द्यायचं होतं. हे काय कारण झालं? नवरा काळ्या पाण्यावर चाललाय आणि मी भागाकारासाठी मागे राहते.

५ एप्रिल

तेलुक बायुर बंदराच्या धक्क्यावर दहा मिनिटं दिली. मी एकटी गेले. उपिकला आजीपाशी ठेवलं होतं. तिने बापाला द्यायला स्वतःच्या हाताने नाव लिहून दिलं होतं, बुस्तान, सगळी अक्षरं सरळ.

ह्यांनी माझ्या मागे पाहिलं. “सामान कुठाय?”

मी सांगितलं, मी येत नाहीये.

शिपाई घड्याळ बघत होता. मला वाटलं, आता दहा मिनिटं अशीच संपतील आणि हेच माझ्या नशिबी उरेल. मग ते म्हणाले, “लोक विचारतील, सुतानची बायको का नाही आली?”

“सांगा, तिला काम आहे.”

ते खूप चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत, कठड्यावर बसले. “माझ्या भाषणात लोक टाळ्या कुठे द्यायचे, लक्षात आहे?”

“सगळीकडे.”

“नाही. भात आपण कापायचा, जेवायला साहेब बसणार, तिथे. दर वेळी तिथेच. तुझ्या ओळींवर. मी तुला कधी सांगितलं नाही. मला लाज वाटायची.”

मला बरं वाटावं म्हणून बोलले. जाणाऱ्या माणसाचं मन मोठं होतं. मी म्हटलं, “काहीतरीच तुमचं.”

“आणि त्या दिवशी जाळीपाशी,” ते म्हणाले, मग थांबले. “जाऊ दे. मुली किती झाल्या?”

“अडतीस.”

शिडी चढताना त्यांनी उपिकचा कागद टोपीत ठेवला. धक्क्यावर सभाबंदी होती, तरी तीनचारशे माणूस जमलं होतं. कुणी घोषणा दिली नाही. जहाज सुटलं तेव्हा सगळ्यांनी नुसते हात वर केले, आणि ते खाली घ्यायला कुणी पहिलं होईना.

मी गाडीत रडले. जाताना नाही, येताना.

३० मे

नवा हुकूम. राहत्या घरात, किंवा घराखाली, वर्ग भरवायचा नाही. म्हणजे माझं घर बंद. चव्वेचाळीस मुली आणि बसायला जागा नाही. दोन दिवस ओढ्याकाठी बसलो, पावसाने हाकललं. प्रथमच वाटतंय की संपलं. आज काही सुचत नाही.

१४ जून

काय झालं ते नीट लिहिते, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

पाणवठ्याच्या वरच्या अंगाला आमच्या कुळाची पडीक जमीन आहे. तिथे चार खांब रोवून छप्पर घालावं असं रपिआने काढलं. मी मामांकडे विचारायला गेले, शिव्या खायच्या तयारीने. मामा शेतात होते. आणि त्याच वेळी बांधावरून तो नाक सोललेला साहेब आला. त्याला आधीच कळलं होतं. म्हणाला, “दातुक, त्या जागेवर काही बांधायचं असेल तर आधी कचेरीत परवानगी मागायची.”

मामांनी हातातला विळा खाली ठेवला. “कुठल्या जागेवर?”

“त्या.”

“ती माझ्या आजीच्या आजीची जमीन आहे. तिथे काय बांधायचं ते कुळाला विचारून मी ठरवतो. माझ्या बहिणीचा नवरासुद्धा तिथे बोलत नाही. तू कोण?”

साहेब म्हणाला, कायदा आहे. मामा म्हणाले, “कायदा तुझ्या कचेरीत. इथे रिवाज आहे, आणि रिवाजात हात घालणार नाही असं तुमच्याच सरकारने आम्हाला लिहून दिलंय. माझ्याकडे कागद आहे.” मग माझ्याकडे वळून ओरडले, “काय गं, चार खांबांचं काय बांधतेस? गोठा आहे का? बारा खांबांचं बांध!”

मी काही बोलणार तर म्हणाले, “शाळा मला पसंत नाही. पण घर बांधायचं तर नीट बांधायचं.”

१ जुलै

दिगुलहून पहिलं पत्र. अर्ध्या ओळी काळ्या केलेल्या. ताप येऊन गेला, आता बरे आहेत. झोपडीमागे मिरची लावली आहे. मागच्या झोपडीत अकरा मुलं आहेत, त्यांना कुणी शिकवत नाही, म्हणून आता हेच शिकवतात. भागाकार कसा समजावायचा ते सविस्तर लिहून पाठव म्हणालेत. सहा पानं लिहिली. ती तरी काळी करणार नाहीत.

२२ जुलै

हात सोलवटलेत, लेखणी धरवत नाही. तरी लिहिते.

सभाबंदी आहे, पाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत. पण घराचा पहिला खांब उभा करायचा तर रिवाजाप्रमाणे सगळं गाव यावं लागतं, आणि मामांनी रिवाजाप्रमाणे सगळ्या गावाला बोलावणं धाडलं. वरच्या गावालाही. डोक्यावर भाताची तबकं घेऊन बायका सकाळपासून येत होत्या. दोनशे तर असतीलच. मला राणीसाहेब म्हणणारी ती पाणवठ्यावरची बाईसुद्धा होती. तिने मला बाजूला घेतलं. “माझी धाकटी आठ वर्षांची आहे. चालेल का?”

दोर ओढायचं काम पुरुषांचं. पण गावातले बरेच तुरुंगात, बरेच दूर पोटापाण्याला. मामांनी मोजले, पुरेनात. तेव्हा रपिआ पुढे झाली आणि दोर उचलला. तिच्यामागे जुसना, तिच्यामागे मी, मग आई, दमा असून. देमांगीणबाईने शाल काढून फांदीवर टाकली आणि माझ्या मागे उभी राहिली. मामा म्हणाले, “हे रिवाजात नाही.” मग थोडं थांबून, “पण नको असंही कुठे नाही.”

खांब अर्धा उचलला आणि घुंगरू वाजलं.

सगळे थांबले. खांब तसाच तिरपा, आमच्या हातातला दोर ताठ. देमांग घोड्यावरून उतरले. त्यांनी दोनशे माणसं पाहिली. दोराला धरलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. काखेतली चामडी पिशवी उघडली, आतल्या कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केली.

“काय चाललंय?”

“घर बांधतोय,” मामा म्हणाले.

“कुणाचं?”

मामांच्या आधी उपिक म्हणाली, “आमचं.”

देमांग खांबाला एक फेरी मारून आले. वर बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाले, “डावीकडचा दोर ढिला आहे. खांब पडेल कुणाच्या तरी अंगावर.” आणि घोड्यावर बसून पुलाकडे गेले.

त्यांना सुतारकामातलं कळतं हे मला माहीत नव्हतं. दोर खरोखरच ढिला होता. रपिआने डावीकडच्या बायकांना हाक दिली, आणि आम्ही ओढला.